अंगणातून ओळखू येईल असा दिवा

बुधवार, ७ डिसेंबर २००५. घोडेगाव

काल झाले ते असे.

१. शिनोलीच्या डेअरीतले फॅट मोजायचे यंत्र दुरुस्त करून मी सायंकाळी ६.४० च्या सुमारास सायकलवरून घोडेगावला परत येत होते.
२. खिंडीतल्या उतारावर समोरून दुसरी सायकल आली.
३. माझ्या सायकलला दिवा नव्हता. त्या सायकललाही नव्हता.
४. पुढची चाके एकमेकांवर आदळली.
५. समोरच्या बाई पडल्या. नाव कोंडाबाई, वय अठ्ठेचाळीस, वरच्या वाडीतल्या अंगणवाडीच्या सेविका. उजवे मनगट मोडले. माझा गुडघा खरचटला.
६. उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरमधून दोघी घोडेगावच्या दवाखान्यात आलो. प्लास्टर १६ जानेवारीपर्यंत ठेवायचे आहे.
७. त्यांना घरी पोचवायला मी जीपने शिनोलीला गेले. दारातच त्यांनी यजमानांना सांगितले, "खड्ड्यात पडले. ह्या पोरीनं दवाखान्यात नेलं."
८. मी काही बोलले नाही.

गुरुवार, ८ डिसेंबर

काल दोन मुद्दे लिहायचे राहिले. राहिले नाहीत, मी लिहिले नाहीत.

डाव्या बाजूला खडी उखडली होती म्हणून मी उजव्या बाजूने चालले होते. म्हणजे बाजू त्यांची होती. आणि माझ्या पिशवीत टॉर्च होता. यंत्राच्या आत बघायला लागतो म्हणून मी त्याचे सेल जपून वापरते.

जीपमध्ये कोंडाबाई कानाशी म्हणाल्या होत्या, "घरी काय बोलू नको हां. खड्ड्याशी कुनी भांडायला जात न्हाई." माझ्यासाठी म्हणाल्या की स्वतःच्या सायकलसाठी, ते कळले नाही.

रविवार, ११ डिसेंबर

मोसंबी घेऊन शिनोलीला गेले. अर्धा तास बसायचे ठरवले होते. अडीच तास बसले, कारण भाकरी झाल्याशिवाय उठू देत नव्हत्या. डाव्या हाताने त्यांना थापता येत नाही. त्यांचे यजमान, सावळेराम, थापतात. जाड होतात, पण कडेपर्यंत भाजलेल्या असतात.

सावळेराम पन्नाशीचे असतील. डोंगराच्या पायथ्याला भात आणि नाचणीचे रान आहे, दोन म्हशी आहेत. मी गेले तेव्हा अंगणात कोंडाबाईंच्या सायकलचा, पुढचे चाक धरणारा, वाकलेला चिमटा पहारीने सरळ करत होते. रॉकेलच्या फडक्याने पुढची दांडी पुसली आणि निळसर झालेले फडके उलटून बघितले.

"यंदा खड्ड्याला लई जोर आलाय म्याडम," म्हणाले. "पुढनं धडकलाय."

मग दाराशी लावलेल्या माझ्या निळ्या सायकलकडे त्यांनी पाहिले. "तुमच्या सायकलचा रंग कच्चा दिसतोय. दुसऱ्याला लागतो."

मी सांगितले की रंग कारखान्यातला आहे, भट्टीत पक्का केलेला असतो.

"आसंल," म्हणाले.

कोंडाबाई चुलीपाशी खोकल्या. धूर फार होता.

सायकल आता चालवू देणार नाही असे ते म्हणतात. कोंडाबाईंचे म्हणणे असे की बाया दिवसभर रानात असतात. घरी गाठायच्या तर दिवेलागणीलाच. बाळांची वजने तेव्हाच होतात. वाडी तीन किलोमीटरवर आहे आणि पायी जाऊन रोज दोन घरेच होतील.

"आन धोंडाबाईच्या सुनेचं पोर?" त्या म्हणाल्या. "मागच्या म्हयन्यात दोनशे गिराम उतरलंय ते. तुमी जाताल का काटा घिऊन?"

"मी गेलो तर मलाच तोलतील."

"काट्याला हूक पंचवीस किलोचं हाय. तुमच्या नुसत्या मिशा बसतील."

यांचे भांडण असेच चालते की आज मी होते म्हणून, ते ठरवता आले नाही.

शेवटी सावळेराम माझ्याकडे वळले. "तुमी मशिनवाल्या ना? असा दिवा आना की मला ती ह्या अंगनातनं खिंडीवर दिसली पायजे. दिसली तर चालवू दे. न्हाईतर सायकल मी गोठ्यात उलटी टांगनार."

पायरीपासून खिंडीच्या वळणापर्यंतचे अंतर सरळ रेषेत साधारण साडेतीनशे मीटर आहे. हो म्हणून आले.

निघताना ते म्हणाले, "दोन आना. तुमच्याबी सायकलला न्हाई."

मंगळवार, १३ डिसेंबर

दिव्याकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्यात. एक, चालवणाऱ्याला रस्ता दिसावा. दोन, चालवणारा इतरांना दिसावा. लोक पहिलीलाच दिवा म्हणतात.

घोडेगावात चिमाजींच्या सायकल दुकानात गेले. मागचा दिवा मागितला.

"मागं?" चिमाजी म्हणाले. "मागं कुनाला बगायचंय?"

"मागून येणाऱ्याने आपल्याला बघायचे असते."

"मागनं येनाऱ्यानं हारन द्यायचा असतो, ताई." पण माळ्यावरून डबा काढला. लाल लुकलुकणारा चिनी दिवा निघाला, बटणाएवढा. पुढच्यासाठी तीन प्रकार घेतले: टॉर्च बांधायची पट्टी, डायनामोचा संच, पाच पांढऱ्या एलईडींचा सेलवरचा दिवा. चौथा मी स्वतः बनवणार आहे. बिघडलेल्या इमर्जन्सी लाइटची बॅटरी पडून आहे.

रविवार, १८ डिसेंबर

चंद्र उशिरा उगवतो म्हणून चाचणीला आजचा दिवस बरा होता. खिंडीच्या खालच्या सपाट रस्त्यावर एक गोवरी ठेवली. मी सायकल चालवत यायचे आणि गोवरी दिसली की ब्रेक दाबायचा. तिथून अंतर टेपने मोजायचे. टेपचे दुसरे टोक कोंडाबाईंनी डाव्या हाताने धरले होते. प्रत्येक वेळी तीन मोजमापे घेऊन सरासरी काढली.

टॉर्च: ९ मीटर. खड्ड्यात सायकल आपटली की तोंड आकाशाकडे.
एलईडी: ६ मीटर. दुरून मात्र चांगला दिसतो.
माझा बॅटरीचा दिवा: २१ मीटर.
डायनामो: नेहमीच्या वेगात ११ मीटर, चढावर हळू चालवल्यास ४. थांबल्यास अंधार. शिवाय चाक जड होते.

डायनामो बाद. थांबल्यावर विझणारा दिवा हा सुरक्षेचा दिवा नव्हे. माझा दिवा पहिला येतो. त्याचे वजन कोंडाबाईंनी बाळांच्या काट्यावर केले. एक किलो चारशे.

"कमी वजनाचं हाय," म्हणाल्या. "आठवड्यानं परत आना."

मी हसले. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले आणि विचारले, घरी कोण असते. सांगितले: वडील अवसरी खुर्दला, महिन्यातून एकदा जाते. आई मी अकरा वर्षांची असताना गेली. त्या टेप गुंडाळत राहिल्या. एका हाताने नीट गुंडाळली जात नव्हती, म्हणून मी दुसरे टोक धरले.

"आन मला बाई काय म्हनती सारखी," म्हणाल्या. "मावशी म्हन."

हो म्हटले. पण मावशी म्हटले नाही.

मंगळवार, २० डिसेंबर

शिनोलीच्या डेअरीत काम नव्हते. तरी जाऊन आले. यंत्र ठीक आहे. डेअरीचे सेक्रेटरी रामनाथभाऊ म्हणाले, "मशीन न बिगडता पन येता व्हय आता?" मी म्हटले, देखभाल.

तिथून वाडीवर धोंडाबाईंच्या घरी काटा घेऊन गेले. नातवाचे वजन पाच किलो नऊशे. कोंडाबाईंनी सांगितले होते की बाळ झोळीत असताना काट्याकडे नाही, बाळाकडे बघायचे, म्हणजे रडत नाही. मग आकडा वाचायचा कसा, ते सांगितले नव्हते. रडले.

आकडा सांगितला तेव्हा कोंडाबाई नोंदवहीतला आलेख काढून बसल्या. डाव्या हाताने टिंब काढायला त्यांना बराच वेळ लागला. रेघ वर गेली आहे, थोडी.

रविवार, २५ डिसेंबर

आज माझा बॅटरीचा दिवा सायकलवर बसवला. लाल दिवा कॅरिअरच्या मागच्या दांडीला. सावळेरामांना शंभर मीटर मागे उभे केले आणि सायकल हातात धरून चालवत नेली. त्यांनी हात वर केला. लाल दिसतो.

मग कोंडाबाई म्हणाल्या, "थांब, माजं सामान लादू दे." काट्याची पिशवी, दोन नोंदवह्या, खाऊचा डबा, वरून सुती दोरी. पुन्हा नेली.

"कुठंय लाल?" सावळेरामांनी ओरडून विचारले. "का डुलकी लागली त्याला?"

पिशवी दिव्यावर लोंबत होती. मी दोन आठवडे रिकाम्या सायकलचा विचार केला. ही सायकल रिकामी कधीच नसते. डेअरीत एखादा माणूस दुधाऐवजी पाण्याने यंत्र तपासायला लागला तर मी त्याला बोलले असते.

सावळेरामांनी तारेचा तुकडा घेऊन दिवा मडगार्डच्या खालच्या टोकाला, नंबर पट्टीसारखा, बांधून दिला. तिथे पिशवी पोचत नाही, पदरही नाही. पाच मिनिटांचे काम.

माझा मोठा दिवा त्यांनी अंगणातून पाहिला. मी खिंडीवर उभी होते. खाली आल्यावर विचारले, दिसला का.

"लई लख्ख दिसला."

"मग चालेल?"

"दिवा दिसला, म्याडम. पन तो कुनाचाबी असंल. मोटारसायकलचा असंल, बॅटरीवाल्याचा असंल. ती दिसली न्हाई."

मी म्हटले, साडेतीनशे मीटरवरून माणूस दिसू शकत नाही.

"तुमाला न्हाई दिसत," म्हणाले. आणि मग, "वाघराचं भ्या न्हाई मला. वाघरू अंधारातबी बघून बाजूला व्हतं. माणूस न्हाई बघत." माझ्याकडे बघून बोलत नव्हते. म्हशीला वैरण टाकत होते.

सांगावे असे वाटले होते. तेवढ्यात कोंडाबाईंनी चहा आणला. कप डाव्या हातातून हिंदकळत होता आणि तो घ्यायला मी उठले.

गुरुवार, २९ डिसेंबर

साडेतीनशे मीटरवरून ओळखायचे तर दिव्याला काही खूण हवी. हिरवी काच लावता येईल. ठरावीक वेळाने लुकलुकणारे सर्किटही बनवता येईल. दोन्हींचे आराखडे काढले. कोणतेही एक दुरुस्तीला आले की मी लागणार.

हे रोजच्या वापराचे नव्हे. मी नसले तर चालले पाहिजे.

रविवार, १ जानेवारी २००६

हिरवी काच घेऊन गेले. नीट दिसली. सावळेराम म्हणाले, "डेअरीच्या बल्बावानी दिसतंय." कोंडाबाईंना आवडली नाही.

पिशवीत डायनामोचा संच चिमाजींना परत करायचा म्हणून होता. कोंडाबाईंनी विचारले, हा का नाही. मी कारणे सांगितली. त्या म्हणाल्या, "सेल लागत न्हाईत ना? वाडीवर सेल मिळत न्हाई. मला हाच दाव."

मागच्या चाकाला बसवला. सायकल खिंडीवर नेली, स्टँडवर लावली. मागचे चाक अधांतरी राहते, त्यामुळे सीटवर बसून पायडल मारता येते. तोल सांभाळायला हात लागत नाही. आधी मी मारले. मग कोंडाबाई हट्टाने बसल्या. प्लास्टरचा हात झोळीत, डाव्या हाताने हँडल.

खाली आलो तर सावळेराम पायरीवर उभे होते.

"पैल्यांदा तुमी व्हता," म्हणाले. "मग ती."

मी म्हटले, अंदाज असेल. दोनच शक्यता होत्या.

"परत करा मग."

परत केले, नीट केले. खिंडीवर मी नाणे उडवायचे. छापा आला तर मी, काटा आला तर कोंडाबाई. सहा फेऱ्या, मध्ये दिवा पूर्ण विझू द्यायचा. सावळेरामांनी पायरीवर क्रमाने ठेवायचे: मी असेन तर खडा, त्या असतील तर चिंचोका.

आमचा क्रम: कोंडाबाई, मी, मी, कोंडाबाई, कोंडाबाई, मी.
पायरीवर: चिंचोका, खडा, खडा, चिंचोका, चिंचोका, खडा.

सहापैकी सहा. नुसत्या अंदाजाने असे होण्याची शक्यता चौसष्टात एक. मी दोनदा तपासले.

कसे ओळखले ते विचारले. सांगताना ते चिंचोके मुठीत घेऊन बसले होते.

"तुमी शिवनाच्या मशिनीवानी मारता. दिवा हालत न्हाई. ती चार पायडल मारती आन एक इसावा घेती. दिवा मोठा व्हतो, मोठा व्हतो, मग बसतो."

"का?"

"पंचेचाळिसाव्या वर्षी शिकली ना. शाळंच्या पटांगनावर कॅरिअर धरून मी मागं पळायचो. चार पायडलं झाली की मला धाप लागायची, मी थांबायचो. म्हनून ती पन थांबायची. तशीच सवय लागली तिला."

कोंडाबाई म्हणाल्या, "काय बी सांगत्यात. मी आपली चढाला थांबती."

"सपाटीलाबी थांबती."

"मंग तुमी पळायचं व्हतं की नीट."

माझ्या तक्त्यात डायनामो शेवटचा होता. थांबल्यावर मंद होतो, हा त्याचा दोष म्हणून लिहिला आहे. ते खोडले नाही. शेजारी नवा रकाना केला आहे. त्याला नाव सुचत नाही.

बुधवार, ४ जानेवारी

आज दिवसभर हिशेब जुळत नाही असे वाटत राहिले. दिवा ठरला: पुढे डायनामो, मागे मडगार्डवर लाल. थांबल्यावर पुढे अंधार होतो, तेवढ्यापुरती छोटी एलईडी हँडलला. उत्तम नाही, पुरेसे आहे. काम संपले.

पण सावळेराम ज्या गोष्टीवरून निर्णय घेणार आहेत ती गोष्ट खोटी आहे. खड्ड्याला दिवा लागू पडतो. उजव्या बाजूने येणाऱ्या, टॉर्च पिशवीत ठेवणाऱ्या माणसाला तो लागू पडेल का, हे त्यांनी माहिती असूनच ठरवायला हवे. अपुऱ्या माहितीवर मी यंत्र चालू करून देत नाही.

सांगितले तर कदाचित सायकल गोठ्यात उलटी टांगली जाईल. धोंडाबाईंच्या घरी काटा जाणार नाही. आणि रविवारी मी तिथे जाणार नाही. तिसरी गोष्ट या यादीत का लिहिली, माहीत नाही.

रविवार, ८ जानेवारी

माझ्या सायकललाही तसाच डायनामो बसवला. कोंडाबाईंनी दोन्ही दिव्यांना हळदीकुंकू लावले. काचेवर, बरोबर मधोमध. पाच बोटे. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या उजव्या हाताच्या बोटांनी लावले. म्हणाल्या, डाव्या हाताने लावत नाहीत.

घरी परतताना गोवरीची चाचणी पुन्हा घेतली. अकराऐवजी साडेनऊ मीटर. कुंकू पुसले नाही. साडेनऊ पुरेसे आहे.

त्याआधी, निघताना, सावळेराम म्हणाले, "आता दोनी सायकलींला दिवं झालं. ऱ्हायला फक्त खड्डा. त्यालाबी एक बसवला पायजे, आं?"

मी म्हटले, खड्ड्याला दिवा लावण्यापेक्षा तो बुजवलेला बरा. ते काम बांधकाम खात्याचे आहे.

ते खूप वेळ हसले. "त्यांचं न्हाई, आरती," म्हणाले. "ज्याचं त्यानं बुजवायचं असतं." आणि भाकरीचे गाठोडे माझ्या कॅरिअरला बांधून दिले. लाल दिवा झाकत नाही ना, ते वाकून पाहिले.

आज पहिल्यांदा म्याडम म्हणाले नाहीत. घरी आल्यावर लक्षात आले.

मंगळवार, १० जानेवारी

चिठ्ठी लिहिली. सावळेराम रोज सकाळी डेअरीत दूध घालतात. उद्या रामनाथभाऊंकडे पाकीट देईन, ते त्यांच्या दुधाच्या पुस्तकात ठेवतील. समोर बसून सांगितले असते तर मध्ये चहा आला असता. नक्कल इथे ठेवते.

सावळेरामकाका यांस,

६ डिसेंबरला झाले ते असे.

१. मावशी खड्ड्यात पडल्या नाहीत. माझी सायकल त्यांच्यावर आदळली.
२. त्या त्यांच्या बाजूने होत्या. मी चुकीच्या बाजूने होते.
३. माझ्याकडे टॉर्च होता. मी तो लावला नव्हता.
४. मावशींनी तुम्हाला वेगळे सांगितले. त्यांना बोलू नये. मी तिथे उभी होते आणि पाच आठवडे गप्प राहिले.

बसवलेले दिवे रोजच्या वापराला पुरेसे आहेत, हे मी तपासून सांगते. समोरचा माणूस नीट चालवेल, याची खात्री कोणताही दिवा देत नाही. माझ्यापुरती मी देते.

प्लास्टर सोमवारी, १६ तारखेला निघेल. मी मावशींना दवाखान्यात नेऊ का, आणि त्यानंतर त्यांनी सायकल चालवायची का, हे तुम्ही ठरवावे. नको म्हणालात तर मी वाद घालणार नाही. काटा घेऊन वाडीवर मी जाईन.

गुरुवारी सायंकाळी साडेसहाला मी खिंडीतून उतरणार आहे. त्या वेळी अंगणात असाल तर दिव्याकडे बघावे. तो माझा म्हणून ओळखू येतो का, तेही सांगावे.

रविवार, १५ जानेवारीपर्यंत कळवावे. तोंडी कळवले तरी चालेल.

आरती